टायरला खाचा कशासाठी?

दोस्तांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. रस्ता खडखडीत कोरडा आहे. एका गाडीच्या नव्या टायरला छान खोल नक्षी आहे. दुसऱ्या गाडीचा टायरही नवाच, पण त्याच्यावर एकसुद्धा खाच नाही, पाटीसारखा गुळगुळीत! रस्त्याला जास्त घट्ट कोण धरून ठेवील?

‘नक्षीवाला!’ असंच म्हणालात ना? चुकलात! कोरड्या रस्त्यावर बाजी मारतो तो गुळगुळीत टायर.

पटत नाही? मग ही गंमत ऐका. फॉर्म्युला वन शर्यतीतल्या गाड्या वळणांवर फारच वेगानं जाऊ लागल्या, तेव्हा १९९८ साली टायरवर खाचा पाडायची सक्ती झाली. कशासाठी? तर पकड कमी व्हावी आणि वेगाला लगाम बसावा म्हणून! गुळगुळीत टायर परत आले ते थेट २००९ साली. या टायरना ‘स्लिक’ म्हणतात.

असं का होतं? मोटारीचा एक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. मोटारसायकलचा तर त्याहूनही कमी. तेवढ्याशा जागेत रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं आणि त्याला चिकटून राहतं. खाच म्हणजे रबर नसलेली जागा. खाच नाही, म्हणजे टेकायला रबर जास्त आणि पकडही जास्त. हिशेब सोपा!

मग खाचा हव्यातच कशाला?

याचं उत्तर लोणावळ्याला जुलै महिन्यात मिळतं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो! घासलेली स्लिपर घालून ओल्या शहाबादी फरशीवर तुम्ही कधी तरी घसरला असालच. टायरचंही तसंच होतं. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी शिरलं आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर टायर चक्क पाण्यावर तरंगू लागतो. मग हँडल वळवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकतच नाही!

खाचा म्हणजे पाण्याला वाट करून देणारी गटारं. फॉर्म्युला वनचा भर पावसातला टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो. एका सेकंदात चार-पाच बादल्या! हे काम खाचांचं.

मधला भाऊ : सेमी-स्लिक

आपल्या मावळात तळेगावजवळ नाणोलीला आता गाड्या पळवायचा ट्रॅक आहे. लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीही झाल्या आहेत. शिवाय ‘ट्रॅक डे’ नावाचा प्रकार असतो. ही शर्यत नव्हे. आपलीच गाडी घेऊन जायचं, हेल्मेट वगैरे घालायचं आणि बंद ट्रॅकवर मोकळेपणी चालवायची. समोरून ट्रक नाही, मध्येच म्हैस नाही!

अशा कोरड्या दिवसासाठी असतो सेमी-स्लिक टायर. मऊ रबर, खाचा मोजक्याच. स्लिकइतका गुळगुळीत नाही आणि रोजच्या टायरइतका नक्षीदारही नाही. तुमचा दादा किंवा मामा असा टायर घ्यायला निघाला, तर त्याला चार प्रश्न जरूर विचारा.

पहिला : घरी कसा येणार? गाडी टेम्पोत घालून न्यायची असेल तर खाचा कमी असल्या तरी चालेल. पण तीच गाडी चालवत परत यायची असेल तर जपून! ऑक्टोबरात सकाळी लख्ख ऊन असतं आणि संध्याकाळी कामशेतला परतीचा पाऊस गाठतो. मग थोड्या जास्त खाचांचाच टायर बरा. शिवाय तो रस्त्यावर वापरायला परवानगी असलेलाच हवा.

दुसरा : रबर किती मऊ? मोटारीच्या बऱ्याच टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो. आकडा मोठा तर टायर टिकाऊ. लहान तर मऊ आणि लवकर झिजणारा. रोजच्या टायरवर तो तीनशे, चारशे असा असतो, सेमी-स्लिकवर दोनशे किंवा कमी. पकड हवी तर आयुष्य कमी. दोन्ही एकदम मिळत नाही!

तिसरा : जन्म कधीचा? टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. ‘२३२४’ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर जुनं झालं की कडक होतं. दुकानात नुसताच पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

चौथा : हवा किती? मऊ रबर गरम झाल्याशिवाय नीट धरत नाही, म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्या बेतानंच माराव्या लागतात. टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब वाढतो. म्हणून ट्रॅकवर दाब पुन्हा पुन्हा तपासतात. घरी निघताना तो रस्त्यासाठी सांगितलेल्या आकड्यावर आणायला मात्र विसरायचं नाही.

गोटा म्हणजे स्लिक नव्हे!

आता खरी महत्त्वाची गोष्ट. झिजून गोटा झालेल्या टायरवर हात फिरवत एखादा दादा ऐटीत म्हणतो, ‘‘अरे, रेसच्या गाडीचे टायर गुळगुळीतच असतात की!’’

त्याला सांगा, ‘‘दादा, तुझा टायर स्लिक नाही, म्हातारा आहे!’’ स्लिकचं रबर मऊ आणि ताजं असतं. झिजलेल्या टायरचं रबर उन्हापावसानं कडक होतं आणि इतकं पातळ होतं की आतले धागे जवळ येतात. म्हणजे कोरड्यात स्लिकची पकड नाही, आणि ओल्यात पाण्याला वाटही नाही. दोन्हीकडून तोटा! त्यातून एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी, म्हणून लोणावळ्याला जाणाऱ्या मोटारसायकली जुन्या रस्त्यानं जातात. वळणं, वाहतं पाणी, सांडलेलं तेल आणि मागे कुणीतरी मित्र बसलेला. तिथे गोटा टायर म्हणजे दोन जिवांशी खेळ.

तुम्हाला अजून गाडी चालवता येत नसेल, पण टायर तपासता येतो! आज संध्याकाळी गाडी उभी असताना एवढं करा. टायरच्या खाचेत वाकून पाहा. तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसेल. मोटारीत तो १.६ मिलिमीटर उंच असतो, दुचाकीत त्याहून कमी. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली असेल, तर टायरचं आयुष्य संपलं. बाबांना, आईला, दादाला लगेच सांगा. ‘पावसाळा गेला की बघू,’ असं उत्तर आलं, तर लोणावळ्याचा पाऊस किती मिलिमीटर ते त्यांना ऐकवा!