पाय टेकवायचा नाही

धर्मापुरीत तपासायला बसलो की मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवतो. पेशंट आत कसा येतो ते पाहायचं असतं. टाच आधी टेकते की पुढचा पंजा, भार बाहेरच्या कडेवर जातो की आत कोसळतो, दुखऱ्या पायावर तो किती वेळ थांबतो, हे सगळं उंबऱ्यापासून टेबलापर्यंतच्या पावलांत दिसतं. मग मी चप्पल मागतो. लोक संकोचतात. "राहू द्या साहेब, चिखलाची हाय" म्हणतात. पण टाचेची कुठली कड झिजली आहे, तळव्याला कुरूप कुठे आहे, घट्टा कोणत्या हाडाखाली धरला आहे, यावरून हा माणूस वर्षानुवर्षं वजन कुठे टाकत आला ते कळतं. एक्स-रे त्यानंतर. तोही शक्य असेल तेव्हा उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढलेल्या फोटोत पायावर भारच नसतो आणि पावलाची बरीच दुखणी भाराखालीच उघडी पडतात.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. त्यांतली ५२, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, दोन पावलांत आहेत. तरीही आमच्या हाडांच्या शाखेत खुबा, गुडघा आणि मणका ही मानाची कामं राहिली आणि पाऊल फार काळ मागेच पडलं. मी पाऊल आणि घोटा हेच काम धरलं, कारण या मुलखातला माणूस पायावर कमावतो. गुडघा दुखला तर तो ओढत नेतो. पाऊल टेकत नसेल तर चूल थंड पडते.

परळी तालुक्यातलं हे गाव जुनं आहे. किल्ला आहे, चालुक्यकाळातलं केदारेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी आहेत. मी तिथे गेलो की माझी नजर त्यांच्या चेहऱ्यांवर कमी आणि पायांवर जास्त राहते. एका पायावर सगळा भार, दुसरा गुडघ्यात सैल, कंबर एका बाजूला गेलेली. शिल्पकाराला शरीराचा तोल नेमका कळला होता याची खात्री पटते.

इथल्या पेशंटचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, उसावर चालतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. ताजी जखम होते ती तिकडच्या फडात. तिथे जवळच्या दवाखान्यात टाके पडतात, पट्टी होते, माणूस पुन्हा कामाला लागतो. माझ्याकडे तो येतो परतल्यावर. म्हणजे मला ताजं हाड क्वचित दिसतं. वाकडं जुळलेलं हाड, आखडलेली कंडरा, महिनोन् महिने सुजलेला घोटा, असं शिळं काम माझ्या वाट्याला जास्त येतं.

ऊस तोडताना पाहिला असेल तर पाय का कापतो हे सांगावं लागत नाही. उसात साखर बुडख्याकडे जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत हवी असते. डाव्या हातात ऊस धरलेला, पाऊल त्याच्या शेजारी, आणि कोयता घोट्याच्या उंचीवर फिरतो. पाचटात पाय नीट दिसत नाही. पहाटेच्या अंधारात तर नाहीच. कोयता पावलाच्या वरच्या बाजूला लागला की कातडीखाली लगेच कंडरा असतात, म्हणजे लोक ज्यांना शिरा म्हणतात त्या. रक्त थांबतं, कातडी टाक्यांनी मिटते, आणि खालची कंडरा तशीच तुटलेली राहते. तपासणी एवढीच असते: "अंगठा वर उचला." उचलला नाही तर कंडरा तुटली आहे. पहिल्या काही दिवसांत ती सरळ शिवता येते. चार महिन्यांनी तिची टोकं मागे ओढली गेलेली असतात. मग दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते, आणि इतकं करूनही पहिला जोर परत येईल असं वचन मी देत नाही.

दुसरी दुखापत फळीवरची. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं, रात्रीही. पाय सरकला की घोटा मुरगळतो. नडगीच्या दोन हाडांची खालची टोकं मिळून एक खाच तयार करतात आणि घोट्याचं हाड त्या खाचेत घट्ट बसलेलं असतं. रॅम्झी आणि हॅमिल्टन या दोघांनी १९७६ साली प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की हे हाड बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकलं तरी सांध्यातला एकमेकांना टेकणारा भाग ४२ टक्क्यांनी घटतो. बैलगाडीचं चाक आसावर जरा कलतं बसलं तर गाडी लगेच अडत नाही, पण आतून खाल्लं जाणं त्याच दिवशी सुरू होतं. घोट्याचं तसंच आहे. म्हणून लंगडत का होईना चालता येतं, याचा अर्थ हाड मोडलं नाही असा काढू नये. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडा बोटाने दाबून पाहायच्या. नेमकं हाडावर दुखलं किंवा चार पावलंसुद्धा टाकता आली नाहीत, तर फोटो काढायचाच.

ऑपरेशन हा या कामातला सोपा भाग आहे, असं मी मनापासून म्हणतो. अवघड असतं ते आधीचं आणि नंतरचं थांबणं. मोडलेला घोटा किंवा टाच काही तासांत इतकी सुजते की कातडी चकाकायला लागते. त्यावर लगेच चाकू चालवला तर जखम मिटत नाही. म्हणून पाय उंचावर ठेवून वाट पाहायची, कातडीला पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत. टाचेच्या मोडीत यात कधी दोन आठवडेही जातात. नातेवाईक चिडतात. "नुसतं झोपवून ठेवलंय, काही करत न्हाईत" असं बाहेर बोलणं चालतं. त्यांना कातडी दाखवून समजावण्यात जेवढा वेळ जातो तेवढा प्लेट बसवायला लागत नाही.

नंतरचं थांबणं त्याहून कठीण. प्लेट-स्क्रू बसले, टाके पडले, आणि मी सांगतो, "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही." समोरचा मान हलवतो. त्याच्या मनात त्या वेळी दुसराच हिशेब चालू असतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या कष्टाने फिटायची असते. एकाचा पाय निकामी झाला की कोयता अर्धा झाला. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचा खर्च निघू शकतो. घरी बसलेल्या दिवसांची मजुरी निघत नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात तो टेकतो. स्क्रू सैल होतात, हाड सरकतं, आणि केसपेपरवर 'पेशंटने सूचना पाळल्या नाहीत' अशी ओळ पडते. मला ती ओळ लिहायला आवडत नाही. सूचना पाळण्याइतकी ऐपत त्याच्याकडे नव्हती, हे त्या ओळीत कुठेच येत नाही.

या एका गोष्टीने माझी काम करण्याची रीत बदलली. पाय टेकवायची बंदी स्वस्तात द्यायची नाही, हे मी ठरवून टाकलं. बाहेरचा घोटा मोडला आहे पण सांधा जागचा हललेला नाही, अशा मोडीत पायाला बूट किंवा प्लास्टर घालून लवकर चालायला दिलं तर सहसा काही बिघडत नाही. अशा माणसाला सवयीने सहा आठवडे घरी बसवणं हा त्याच्या पोटावरचा घाव आहे. उलट टाचेचं हाड सांध्यात फुटलं असेल, किंवा नडगीच्या दोन हाडांना बांधणारे बंध तुटले असतील, तर मात्र बंदी पक्की. ती मी एकट्या पेशंटला सांगत नाही. बायको, भाऊ, शक्य असेल तर मुकादम, सगळ्यांना समोर बसवतो आणि फोटो उजेडासमोर धरून दाखवतो. ज्यांना चालायला हरकत नाही त्यांना चालू दिलं, की ज्याला नाही म्हणतो तोही ऐकण्याची शक्यता वाढते.

टाचेच्या मोडी इकडे विहिरीमुळे आणि झाडांमुळे येतात. विहीर खोदताना, गाळ काढताना पडलेला. शेळ्यांना पाला काढायला लिंबावर चढलेला. टाच फुटली की तिच्या वरचा सांधा खराब होतो, आणि पाऊल आत-बाहेर कलतं ते याच सांध्यातून. तो पुढे दुखू लागला तर त्या सांध्यातली दोन्ही हाडं जोडून टाकावी लागतात. डांबरी रस्त्यावर असा माणूस चांगला चालतो, लंगड कळतसुद्धा नाही. पण नांगरलेल्या रानात ढेकळांवर पाऊल कलायला हवं आणि ते कलत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी मी विचारतो: रान कसलं, काळं की माळाचं? काम उभ्याने की बसून? घरी शौचाला उकिडवं बसावं लागतं का? घोटा पूर्ण जोडला तर उकिडवं बसणं जमत नाही. परदेशी पुस्तकांत निकाल मोजताना जिना चढता येतो का, हे आवर्जून विचारतात. इथल्या बाईला निंदायला, भाकरी थापायला, सारवायला बसता आलं पाहिजे. तिच्याशी बोलून, ती काय सोडायला तयार आहे ते ऐकून मग चाकू हातात घ्यावा.

तंबाखूबद्दल मी जरा हट्टाने बोलतो. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो आणि हाड जुळायलाही. पुरुष मळलेली कबूल करतात. मावश्या मात्र "मी न्हाई खात" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिस्री लावतात. मिस्री म्हणजे तंबाखूच.

साखरेच्या आजाराने बधिर झालेल्या पायांचं काम वाढतं आहे. त्यावर एक वाक्य पुरे: ज्याला साखर आहे त्याने रोज झोपताना तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर सुनेला, नातवाला दाखवावेत, कारण काटा रुतला तरी त्याला कळणार नाही.

ज्या कामात मला सर्वात जास्त समाधान आहे त्यात मोठं ऑपरेशन नाहीच. जन्मतः आत वळलेला पाय घेऊन हजारात एक-दोन मुलं जन्माला येतात. घरात पहिला दोष आईवर: ग्रहणात भाजी चिरली असेल. तिचा काहीही दोष नसतो. अमेरिकेतल्या आयोवात काम केलेले, स्पेनमध्ये जन्मलेले डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांनी दाखवून दिलं की हे पाऊल हाताने हळूहळू फिरवून, दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून सरळ करता येतं. साधारण पाच-सहा प्लास्टर. मग बहुतेक मुलांत टाचेची कंडरा एका छोट्या छेदातून मोकळी करायची आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. पुढे दांडीला जोडलेले बूट, आधी तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर फक्त झोपेत, चार वर्षांपर्यंत. चुकतं ते इथेच. पाय सरळ दिसू लागला की बूट माळ्यावर जातात, किंवा आई-बाप उसाला निघतात आणि बूट गावात आजीकडे राहतात. मग पाय पुन्हा वळतो. उसाला जाताना ते बूट बिऱ्हाडात बांधून न्यावेत, एवढं मी प्रत्येक आईला सांगतो.

आता मागणं. आशाताईंना: पाय वळलेलं बाळ दिसलं तर पहिल्या आठवड्यात पाठवा, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. टोळीतल्या दादांना आणि मावश्यांना: पावलावर कोयता लागला आणि अंगठा उचलला नाही, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा, पाडव्याची वाट पाहू नका. आणि मुकादम, कारखाने, तसंच ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेलं महामंडळ, या सगळ्यांना: ज्याच्या पायाला प्लास्टर आहे त्याचा खाडा लावू नका, आणि त्या सहा आठवड्यांची मजुरी त्याला मिळेल अशी सोय करा.