हाताच्या टप्प्यांतलें स्वयंपाकघर

घर बांधतांना देवघराची दिशा, चुलीची दिशा यांचा खल आपण पुष्कळ करतों. परंतु डाळीचा डबा किती उंचीवर असावा हा प्रश्न आम्हांला साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. आमच्या कुटुंबाचा उजवा खांदा धरला तेव्हां तो पडला. हात छातीच्या वर जाईना. तरीही चौरंगावर चढून वरच्या फळीवरचा रवा काढण्याचें साहस तिनें केलें. चौरंग सरकला आणि मनगट मोडलें. हाड यथाकाल जुळलें, पण खरें दुखणें पुढेंच होतें. मीठ, हिंग, पोहे, प्रत्येक जिन्नसासाठीं सूनबाईला हांक मारावी लागे. एके दिवशीं ती म्हणाली, "अहो, चूल माझी आहे, पण फळ्या आतां माझ्या राहिल्या नाहींत." हें वाक्य आमच्या जिव्हारीं लागलें.

आमच्या आजीच्या वेळीं सर्व कारभार बसून चाले. उजव्या हाताशीं मिसळणाचा डबा, डावीकडे पाण्याचा तांब्या, पाठीशीं भिंतींतलें वीतभर खोल फडताळ. उतरंडींतही शहाणपण होतें: बेगमीचें धान्य तळाच्या मडक्यांत, रोजचें वरच्यांत. पुढें ओटा आला, बाई उभी राहिली; हें इष्टच झालें. पण त्याबरोबर साठवण माळ्यापर्यंत चढली. सुतारानें भिंत मोजली, बाई मोजली नाहीं.

मग सर्व खालीं आणावें काय? तेंही नव्हे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं आनंदवन वसविलें. या थोर पुरुषाला मणक्याच्या विकारामुळें उत्तरायुष्यांत बसणें अशक्य झालें होतें. उभें राहावें, नाहीं तर आडवें व्हावें. १९८५ ची भारत जोडो यात्रा त्यांनीं अशाच अवस्थेंत केली. अशा माणसाला जमिनीलगतची फळी माळ्याइतकीच दूर! त्याच आनंदवनांतील कुष्ठमुक्तांची अडचण निराळी. कुष्ठरोगांत हाताची संवेदना जाते. तापलेलें झाकण बोटें भाजून काढतें आणि माणसाला पत्ताही लागत नाहीं. अशा हातांना अंधाऱ्या, खोल कपाटांत चांचपावयास लावणें धोक्याचें. त्यांना उघडी फळी हवी, एकच रांग हवी, लांकडी जाड मूठ हवी. जें बोटांना कळत नाहीं तें डोळ्यांना दिसलें पाहिजे. उंची, खोली, झांकण यांचें माप भिंतीवरून नव्हे, त्या त्या देहावरून घ्यावयाचें, एवढेंच आम्ही यांतून उचललें.

शिक्षकी पेशाची संवय. आम्ही खडू घेतला. कुटुंबाला ओट्याशीं उभें केलें, न दुखतां हात जाईल तेथें एक रेघ ओढली, न वांकतां हात पुरेल तेथें दुसरी. दोहोंमध्यें जेमतेम दीड हात जागा निघाली! मसाले, मीठ, चहा, साखर, तेल, रोजचीं भांडीं त्या दीड हातांत बसविलीं. बाकीच्या जिनसांना दैनंदिन व्यवहारांतून रजा दिली. तांदुळाचा मोठा पिंप चाकांच्या पाटावर जमिनीशीं ठेवला आणि आठवड्यापुरते तांदूळ लहान डब्यांत काढून वर घेतले. मोडलेल्या मनगटाला घट्ट फिरकीचें झांकण उघडत नाहीं, म्हणून सैल झांकणें आणलीं, त्यांना कापडाचे फांस शिवले.

कपाट खोल होतें, मागचें कांहीं हातीं येईना. त्यावर उपाय एका बुरडानें सुचविला. चंद्रपूर आणि गडचिरोली, १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, येथें बांबूला काय तोटा? त्यानें समोर मूठ असलेल्या उथळ, लांबट टोपल्या विणून दिल्या. ओढल्या कीं खणाप्रमाणें पुढें येतात आणि वजनाला हलक्या. मात्र बांबूला भुंगा लागतो, पावसाळ्यापूर्वीं ऊन द्यावें लागतें. लोणच्याची बरणी वर टांगण्याचा आग्रह कुटुंबानें सोडला नाहीं (सोवळ्याचा मुद्दा होता), म्हणून शिंक्याची दोरी कप्पीवरून घेऊन भिंतीच्या खुंटीला बांधली. दोरी सैल केली कीं लोणचें आपण होऊन खालीं येतें. नातवाला हा खेळ फार आवडला. मुरंबा दोनदां अकालीं उतरला.

आतां सुनेला हांक जाते ती बहुधा चव पाहण्यासाठीं. गेल्या दिवाळींत भिंतींना रंग दिला, तेव्हां खडूच्या रेघा पुसल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीं कुटुंबानें स्वतः खडू मागून घेतला आणि वरची रेघ पुन्हां ओढली. पूर्वीपेक्षां ती दोन बोटें खालीं आहे.