सागरकिनारी गोल्फ: सही खेळाडूची, जमीन कोणाची?

नामवंत खेळाडू समुद्रकाठच्या मैदानांचे आराखडे का करतात, त्यासाठी वाळूच का लागते आणि कोकण-गोव्यात हा खेळ पाण्यापाशी व कायद्यापाशी का अडतो, याचा वेध.

(विशेष प्रतिनिधी)

नामवंत गोल्फपटूची स्पर्धात्मक कारकीर्द शिखरावर पोहोचली, की त्याच्यापुढे एक दुसरी वाट खुली होते. ती म्हणजे मैदानांच्या आराखड्यांची. क्रिकेटपटू समालोचक होतो, प्रशिक्षक होतो. परंतु एखादे स्टेडियम त्याने बांधले, असे सहसा ऐकू येत नाही. गोल्फमध्ये मात्र हे नित्याचे आहे. अठरा प्रमुख विजेतेपदे मिळवणाऱ्या जॅक निकलॉसच्या संस्थेने जगभरात चारशेहून अधिक मैदानांची आखणी केली आहे. अर्नोल्ड पामर, गॅरी प्लेअर, ग्रेग नॉर्मन आणि टायगर वूड्स हे सारे याच वाटेने गेले. भारतातही त्यांच्या खुणा दिसतात. हरियाणातील मानेसरजवळचे मैदान निकलॉसचे, ग्रेटर नोएडातील नॉर्मनचे, तर गुरगावमधील एक मैदान प्लेअरचे आहे. मात्र ही तिन्ही मैदाने समुद्रापासून शेकडो कोस दूर आहेत.

प्रत्येक आराखडाकाराचे स्वप्न मात्र समुद्रकाठचेच असते. त्याचे कारण या खेळाच्या जन्मात दडलेले आहे.

वाळूत जन्मलेला खेळ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा एक उंचसखल पट्टा असतो. त्याला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. या जमिनीत पीक येत नसे. म्हणून तेथे मेंढ्या चरत, ससे बिळे करीत आणि गावकरी खेळत. सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान अशाच पट्ट्यावर आपोआप घडत गेले. १७६४ मध्ये तेथील बावीस होलची फेरी अठरावर आणली गेली आणि पुढे तोच जगाचा प्रघात झाला. या मैदानावर जाताना आणि परतताना एकच विस्तीर्ण हिरवळ दोन होलना वाटून दिलेली आढळते. अशा सात जोड-हिरवळी तेथे असून प्रत्येक जोडीतील क्रमांकांची बेरीज अठराच येते.

वाळूचा गुण असा, की तिच्यात पाणी साचत नाही. पाऊस थांबताच खेळ पुन्हा सुरू होऊ शकतो आणि चेंडू टणक भूमीवर लांबवर घरंगळतो. वर्धा जिल्ह्यातील केळझरच्या काळ्या जमिनीशी तुलना केली, तर हा फरक चटकन ध्यानात येतो. कपाशीला मानवणारी ही माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तेथे गोल्फचे मैदान करायचे, तर आधी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे टाकावे लागेल. त्यावर वाळू बाहेरून आणून पसरावी लागेल. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर निसर्गाने जे फुकट दिले, ते इतरत्र विकत घ्यावे लागते. जगातील तीस हजारांहून अधिक गोल्फ मैदानांपैकी अस्सल ‘लिंक्स’ म्हणावीत अशी जेमतेम अडीचशे आहेत, असे जाणकार मानतात, ते यामुळेच.

समुद्रकाठची मैदाने आखणारा पहिला ख्यातनाम व्यावसायिक म्हणजे टॉम मॉरिस (१८२१-१९०८). १८६१ ते १८६७ या काळात चार वेळा ‘ओपन’ जिंकणारा हा खेळाडू स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यांवर पायी हिंडे आणि जमीन पाहून खुंट्या ठोकी. प्रेस्टविक, म्युअरफील्ड, आयर्लंडमधील लाहिंच ही मैदाने त्याच्या आखणीतून उभी राहिली. त्याच्या हाती यंत्रे नव्हती. त्यामुळे टेकडी हलविण्याचा प्रश्नच नव्हता. टेकडी जिथे असेल तिथून खेळ वळवायचा, एवढेच त्याच्या हाती होते.

सहीचा अर्थ

बुलडोझर आल्यानंतर हे समीकरण उलटले. आता जमीन खेळाच्या मर्जीनुसार बदलता येऊ लागली. आराखड्याचे काम मूलतः वाटेच्या आखणीचे असते. सव्वाशे ते दोनशे एकरांत अठरा होल बसवायचे, सुरुवात आणि शेवट क्लबगृहापाशी आणायचा, वाऱ्याची दिशा दर दोन-तीन होलनंतर बदलेल असे पाहायचे. मग उतार, निचरा, बंकर आणि हिरवळी. समुद्रकाठी वारा हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. सकाळी वाऱ्याच्या पाठबळावर सहज गाठलेली हिरवळ दुपारी वारा समोरून येताच दुरापास्त होते.

हे सारे काम नामवंत खेळाडू स्वतः करतो का? बहुधा नाही. नकाशे, मोजणी, मातीकाम ही त्याच्या संस्थेतील वास्तुरचनाकारांची जबाबदारी असते. खेळाडू ठरावीक वेळा जागेला भेट देतो, फटका कोठून कसा दिसेल हे सांगतो, हिरवळींचे उतार बदलवतो आणि अखेर आपले नाव देतो. हे नावच विकले जाते. मैदानाचा खर्च खेळणाऱ्यांच्या शुल्कातून क्वचितच निघतो. तो निघतो भोवतालच्या बंगल्यांच्या विक्रीतून. म्हणूनच मोठ्या खेळाडूची घोषणा बहुतेकदा गृहप्रकल्पासोबत येते.

टायगर वूड्सची उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. २००६ मध्ये दुबईतील त्याच्या पहिल्या मैदानाची घोषणा झाली. काही होल तयारही झाले, परंतु प्रकल्प पूर्ण झाला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्निया प्रांतात एन्सेनाडाजवळच्या भूशिरावर, तिन्ही बाजूंनी प्रशांत महासागर असलेल्या मैदानाची घोषणा झाली. जागतिक मंदी तेव्हा दारात उभी होती. ते मैदान कधीच झाले नाही. वूड्सने आखलेले पहिले पूर्ण मैदान खुले व्हायला डिसेंबर २०१४ उजाडला. तेही मेक्सिकोतच, काबो सान लुकास येथे.

भारतीय वंशाच्या विजय सिंगचे उदाहरणही आहे. फिजी बेटांवरील लाउटोका येथे जन्मलेल्या या खेळाडूने तीन प्रमुख विजेतेपदे जिंकली आणि २००४ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळविले. मायभूमीतील नाटाडोला उपसागराच्या काठी मैदान आखण्याचे काम त्याच्याकडे आले. परंतु पुढे तो त्यातून बाहेर पडला. मैदान २००९ मध्ये खुले झाले, ते त्याच्या सहीविना.

सहीविनाही थोर मैदान होऊ शकते, याचा दाखला कॅलिफोर्नियातील ‘पेबल बीच’ हा आहे. १९१९ मध्ये खुले झालेले हे जगद्विख्यात सागरी मैदान जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोन हौशी खेळाडूंनी आखले होते.

गोगलगाय आणि लाटा

समुद्रकाठची जमीन रिकामी दिसते. ती रिकामी नसते. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील डूनबेग येथे ग्रेग नॉर्मनला हे अनुभवावे लागले. उंच वालुकाटेकड्यांची ती जागा आराखडाकाराला भुरळ घालणारी होती. परंतु त्याच टेकड्यांत जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक दुर्मिळ, संरक्षित गोगलगाय राहत होती. टेकड्यांचा मोठा भाग खेळासाठी वर्ज्य ठरला आणि होल इतरत्र वळवावे लागले. मैदान २००२ मध्ये खुले झाले.

गोगलगायीनंतर समुद्राची पाळी आली. २०१४ च्या आरंभी वादळी लाटांनी मैदानाच्या कडा खाल्ल्या. त्याच वर्षी डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीने ते विकत घेतले आणि किनाऱ्यावर संरक्षक बांधकामाचा प्रस्ताव मांडला. २०२० मध्ये आयर्लंडच्या नियोजन मंडळाने ही परवानगी नाकारली. वालुकाटेकड्या हलत्या असतात. वादळात वाळू देतात, शांत ऋतूत परत घेतात. तिथे दगडी भिंत घातली, की ही देवघेव थांबते. स्कॉटलंडमध्ये ट्रम्प यांच्याच अ‍ॅबरडीनशायरमधील मैदानासाठी (२०१२) फिरत्या वाळूवर गवत लावून ती स्थिर करण्यात आली. परिणामी त्या वालुकाटेकड्यांचा विशेष वैज्ञानिक महत्त्वाचा दर्जा २०२० मध्ये काढून घेण्यात आला.

दूर्वा, पाऊस आणि हिशेब

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. स्कॉटलंडमधील मैदानांवर थंड हवेतील बारीक फेस्क्यू गवत असते. उष्ण प्रदेशात ते तग धरत नाही. तेथे लागते ‘बर्म्युडा’ गवत. हे भारदस्त नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. शास्त्रीय परिभाषेत ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ म्हणून ओळखले जाणारे हे गवत म्हणजे आपली हरळी, आपली दूर्वा! केळझरच्या टेकडीवरील सिद्धिविनायकाला, विदर्भातील अष्टविनायकांपैकी एकाला, भाविक ज्या दूर्वा वाहतात आणि तेथील शेतकरी ज्या हरळीला खुरपून खुरपून थकतो, तिचेच संकरित वाण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे विकसित झाले आणि जगभरच्या गोल्फ मैदानांवर पसरले. खाऱ्या पाण्याला तोंड देणारे ‘पास्पालम’ हे दुसरे गवत अलीकडे किनाऱ्यावर वापरतात.

रानची हरळी पाण्यावाचून महिनोन्‌महिने मरगळून पडते आणि पावसात पुन्हा तरारते. मैदानावरच्या हरळीला ही मुभा नसते; तिला बारमाही हिरवे राहावे लागते. खरी अडचण येथे आहे. सेंट अँड्र्यूजच्या परिसरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, वर्धा जिल्ह्यापेक्षाही कमी. परंतु तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळ कोरडे आणि जांभ्या खडकात झिरपलेले पाणी समुद्राकडे निघून गेलेले असते. पर्यटकांचा हंगाम नेमका याच आठ महिन्यांत येतो.

साधा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले आणि मैदानाच्या केवळ तीस हेक्टरांवर सिंचन केले, तरी रोज १५ लाख लिटर पाणी लागेल. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी माणशी ५५ लिटरचे प्रमाण धरले जाते. त्या दराने हे पाणी सत्तावीस हजार माणसांचे झाले. सांडपाणी शुद्ध करून वापरणे हा यावरचा मान्य उपाय आहे. मात्र त्यासाठी जवळ तेवढे सांडपाणी निर्माण करणारे शहर हवे. खेड्यातील किनाऱ्यावर ते नसते. मग उरते ती विहीर. समुद्रालगत विहिरीतून गोडे पाणी बेसुमार उपसले, की खारे पाणी आत सरकते आणि शेजारच्या विहिरीही नासतात.

कायदा काय सांगतो?

१९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत किनाऱ्यावरील पर्यटन निवासांसाठी घातलेल्या अटी गोल्फच्या संदर्भात वाचण्याजोग्या आहेत. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई, ५०० मीटरपर्यंत ते भूजल मंडळाच्या संमतीनेच. वालुकाटेकड्या सपाट करण्यास मनाई. खेळासाठी कायमस्वरूपी बांधकाम नाही. गोलचे खांब, जाळीचे खांब आणि दिव्याचे खांब एवढाच अपवाद. म्हणजे किनाऱ्यावर व्हॉलीबॉल खेळा; टेकडी हलवून बंकर करू नका. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वालुकाटेकड्यांना सर्वाधिक संरक्षित वर्गात स्थान दिले. त्याच वेळी २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची तरतूदही झाली. टेकड्यांचे संरक्षण कागदावर वाढले, मोकळा पट्टा मात्र आक्रसला.

आपल्याकडील वालुकाटेकड्यांवर पसरणाऱ्या वेलीला मर्यादवेल म्हणतात. वाळू धरून ठेवणारी आणि समुद्राची मर्यादा सांगणारी ही वेल कोणत्याही नियमावलीपेक्षा जुनी आहे.

तेरेखोल आणि नेरूळ

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या पलीकडे, सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेल्या आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेल्या किल्ल्याच्या सावलीत तेरेखोल हे चिमुकले गाव आहे. जमिनीच्या मार्गाने जायचे तर सिंधुदुर्गातूनच जावे लागते. समुद्राकडे पाहणाऱ्या तेथील पठारावर गोल्फ मैदान आणि आलिशान हॉटेल उभारण्याचा खासगी प्रकल्प आखला गेला. काजूच्या बागा कसणाऱ्या कुटुंबांनी आपण कुळे असल्याचा दावा केला. २०१५ मध्ये संघर्ष तीव्र झाला आणि वाद न्यायालय व राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. रोजगार मिळेल म्हणणारे आणि जमीन जाईल म्हणणारे एकाच गावात होते, हेही नमूद केले पाहिजे. मात्र बागेत राबणाऱ्याचे नाव सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर नसेल, तर मोबदल्याच्या हिशेबात तो कोठेच नसतो. प्रश्नाचे मूळ होते ते हे.

महाराष्ट्रात नवी मुंबईतील नेरूळ येथे खाडीलगतच्या पाणथळ जागेवर गोल्फ मैदान आणि निवासी संकुलाची योजना सिडकोने आखली होती. रोहित पक्षी उतरणाऱ्या आणि कांदळवनाने वेढलेल्या या जागेसाठी नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यासाठीचा जमीनवापरातील बदल रद्द ठरविला. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शेजारच्या ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

विचारावयाचे प्रश्न

गोल्फ हा खेळ म्हणून दोषी नाही. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान सार्वजनिक भूमीवर आहे आणि रविवारी तेथे खेळ बंद ठेवून नागरिकांना फिरायला मोकळीक दिली जाते. वापरून झालेल्या खाणी, भराव टाकलेल्या जागा यांवरही जगात उत्तम मैदाने झाली आहेत. शहराजवळ, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर मैदान होणार असेल, तर त्यास विरोधाचे कारण उरत नाही.

उद्या कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या जगज्जेत्या गोल्फपटूच्या सहीचे मैदान होणार, अशी घोषणा झाली, तर छायाचित्रातील हिरवळीपलीकडे काही प्रश्न विचारावे लागतील. मार्च ते मे या काळात पाणी कोठून आणणार? टेकड्या हलणार, की खेळ वळणार? जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कोण कसतो? बंगले विकले गेले नाहीत, तर मैदान कोण राखणार? आणि गावकऱ्याची समुद्राकडे जाणारी पायवाट नकाशात दाखविली आहे का? या प्रश्नांची उत्तरे आराखड्याच्या कागदांतच मिळायला हवीत. नंतर ती न्यायालयात शोधावी लागतात, हे तेरेखोल आणि नेरूळ यांनी दाखवून दिले आहे.