भेटीनंतरचे रडे

नातवंडांपैकी एक आपल्या घरी आणि दुसरे परक्या घरी, अशी वेळ काही ज्येष्ठांवर येते. आई-वडील हयात नसतात किंवा सांभाळण्याच्या स्थितीत नसतात, थकलेल्या आजी-आजोबांना दोघांचा भार पेलत नाही, आणि बालकल्याण समिती एकाची सोय प्रतिपालक कुटुंबात करते. हे दत्तक नव्हे. मूल सांभाळासाठी दिलेले असते, त्याचे रक्ताचे नाते अबाधित राहते. तरीही भावंडांची ताटातूट व्हायची ती होतेच.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार भावंडांना प्रतिपालक कुटुंबात एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावयाचे असतात. त्यांच्या हिताच्या आड येत असेल तरच त्यांना वेगळे ठेवावे. मात्र वेगळी ठेवलेली भावंडे एकमेकांना कधी व कुठे भेटतील, याचे वेळापत्रक हे कलम आखून देत नाही. अमेरिकेच्या २००८ च्या संघीय कायद्यात अशा भावंडांच्या वारंवार भेटी घडवून आणण्याची तरतूद आहे. आपल्याकडे त्या मागून घ्याव्या लागतात. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत, म्हणून तोंडी आश्वासनावर विसंबू नये. लेखी अर्ज करून वार, वेळ, ठिकाण, मुलांना कोणी आणावे आणि मधल्या दिवसांत फोन केव्हा व्हावा, हे सारे आदेशात मागावे आणि मुलाच्या वैयक्तिक देखभाल आराखड्यात नोंदवून घ्यावे. प्रतिपालकत्वाविषयीचा समितीचा निर्णय मान्य नसेल, तर ३० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

आदेश मिळाल्यावर खरी कसोटी सुरू होते. भेटीहून परतलेले मूल जेवत नाही, रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, चिडून वस्तू फेकते. हे पाहून सांभाळणाऱ्याचे काळीज तुटते आणि ‘भेटीच नकोत, पोर निदान शांत तरी राहील,’ असे त्याला वाटू लागते. ही भावना समजण्याजोगी आहे, पण तिच्या भरात समितीकडे धाव घेऊ नये. भेट संपल्याचे ते दुःख आहे. सासरी निघालेल्या लेकीचे डोळे भरून आले, म्हणून तिचे माहेरपण कोणी बंद करीत नाही. थोरल्या भावंडाकडे विशेष लक्ष असू द्यावे. धाकट्याला भरवणे, निजवणे त्यानेच केलेले असते. ते काम एकाएकी हातून गेले की ते मूक होते. धाकट्यासाठी एखादे चित्र किंवा चार ओळींची चिठ्ठी त्याच्या हाती देऊन पाहावी.

रडणे वेगळे आणि भीती वेगळी. भेटीपूर्वीच मूल थरथरत असेल, भावंडाकडून मारहाण वा अन्य त्रास झाल्याचे सांगत असेल, किंवा भेटीनंतरचा त्रास न ओसरता वाढतच असेल, तर तारखेसह नोंद करून ती विनाविलंब समितीला द्यावी व बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

प्रवासाचा बाऊ करू नये. राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ या वयात निम्मे भाडे पडते. गुडघे कुरकुरत असतील, तर ठिकाण दोन्ही घरांच्या मधले मागावे. भेट रद्द करावी लागलीच, तर मुलाला आदल्या दिवशी कारणासह सांगावे आणि त्याच वेळी पुढची तारीख दिनदर्शिकेवर त्याच्याच हाताने गोल करून घ्यावी.