काचेत अणू कसेही पडलेले नसतात

स्फटिकात अणूंच्या रांगा आणि काचेत नुसता गोंधळ, असं आपण शाळेपासून मानत आलो. हे अर्धंच खरं आहे. काचेत लांबवर पुन्हापुन्हा येणारी नक्षी नसते, पण एकेका अणूचे लगतचे शेजारी मोजले तर कडक शिस्त दिसते. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या फॉस्फेट काचांत ती मला सर्वांत सुंदर वाटते.

इथे प्रत्येक फॉस्फरसभोवती चारच ऑक्सिजन असतात. दोन फॉस्फरसांना जोडणारा ऑक्सिजन सुमारे १.६ अँगस्ट्रॉमवर, तर मोकळ्या टोकाचा सुमारे १.५ वर. न्यूट्रॉन विवर्तनात हा बारीक फरकही ओळखता येतो.

लँथेनम, अर्बियम यांचे आयन सापडेल त्या पोकळीत जाऊन बसतात, हाही गैरसमजच. लँथेनमचा आयन मोठा, त्याच्याभोवती सातच्या आसपास ऑक्सिजन जमतात. दुर्मिळ मृदांच्या ओळीत अर्बियमपर्यंत येताना आयन आक्रसतो, शेजाऱ्यांची संख्या सहाच्या जवळ येते आणि ऑक्सिजनपर्यंतचं अंतर सुमारे २.४ वरून २.२ अँगस्ट्रॉमवर उतरतं.

आता मेटाफॉस्फेट काचेचा हिशेब पाहा. एका आयनामागे तीन फॉस्फरस, प्रत्येकाचे दोन मोकळे ऑक्सिजन, म्हणजे सहा. अर्बियमला हे जवळपास पुरतात. लँथेनमला सहाहून जास्त लागतात, म्हणून काही ऑक्सिजन दोन आयनांत वाटून घ्यावेच लागतात. शुद्ध सिलिका काचेत असे मोकळे ऑक्सिजन फारच कमी, त्यामुळे तिथे आयन घोळके करतात आणि आयनांकडून प्रकाश बाहेर पडण्याऐवजी ऊर्जा आपसांतच वाया जाते. म्हणूनच अर्बियम मिसळलेल्या सिलिका प्रकाशतंतूंत ॲल्युमिनियम किंवा फॉस्फरस घालतात.

फॉस्फेट काच पाण्यात विरघळते, हे सरसकट खरं नाही. नुसत्या फॉस्फरस पेंटॉक्साइडची काच हवेतली ओल शोषते, पण दुर्मिळ मृदा आयन फॉस्फेटच्या साखळ्यांना बांधून धरतात आणि काच बरीच टिकाऊ होते.

निओडिमियम हेही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यच. ‘शेजार बदलला तरी निओडिमियमचा प्रकाश तोच राहतो’ असं समजणाऱ्यांनी दोन आकडे पाहावेत. याग (यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिकात त्याची मुख्य लेसर रेषा १०६४ नॅनोमीटरवर येते. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीच्या लेसरमधल्या फॉस्फेट काचेत ती १०५३ वर सरकते. शिवाय काचेत प्रत्येक आयनाचा शेजार किंचित वेगळा असल्यामुळे ती रेषा स्फटिकातल्यापेक्षा कितीतरी रुंद होते.