प्रकाशाच्या साहाय्याने औषधांशांचा शोध

जनावरांना दिलेल्या औषधाचा काही अंश विघटन न होता शेण व मूत्रावाटे बाहेर पडतो. गोठ्याचे सांडपाणी, शेणखत आणि शहरांचे मैलापाणी यांमार्फत तो ओढे, विहिरी व सिंचनाच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषधनिर्मिती उद्योगांचे सांडपाणी हाताळणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढीस लागतात.

सध्या औषधांशांची खात्रीशीर तपासणी महागड्या प्रयोगशाळा-उपकरणांवर होते. त्यास पूरक म्हणून प्रकाश-विद्युतरासायनिक संवेदक विकसित होत आहेत.

कार्यपद्धती

संवेदकाच्या विद्युतअग्रावर अर्धवाहक पदार्थाचा पातळ थर असतो. त्यावर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन मुक्त होतात, त्यांच्या जागी धनभारित पोकळ्या उरतात आणि सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागतो. औषधाच्या रेणूने पोकळ्यांना इलेक्ट्रॉन पुरविल्यास प्रवाह वाढतो. रेणू पृष्ठभागाला चिकटून वाट अडवीत असल्यास तो घटतो. या बदलावरून औषधाचे प्रमाण काढतात. उत्तेजन प्रकाशाने व मोजणी विजेने होत असल्याने अनावश्यक संकेत कमी राहतात आणि अत्यल्प अंशही ओळखता येतो. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरणे लागतात, तर बिस्मथ व्हॅनेडेट दृश्य प्रकाशातही कार्य करते. गोळी विरघळवून तयार केलेल्या द्रावणातील औषधाचे प्रमाणही याच तत्त्वाने तपासता येते.

मर्यादा

गढूळपणा, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ व क्षार यांमुळे मोजणीत चूक संभवते. विद्युतअग्राची क्षमताही वापरागणिक घटते. त्यामुळे प्रयोगशाळेतील शुद्ध द्रावणावरचे यश म्हणजे विहिरीच्या पाण्यावरचे यश नव्हे. एखादे उपकरण सुचविण्यापूर्वी त्याची चाचणी प्रत्यक्ष पाण्यावर झाली आहे काय, हे विस्तार कार्यकर्त्यांनी अवश्य विचारावे.

तोपर्यंत काय करावे?

प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. वेष्टनावर नमूद केलेली मुदत संपेपर्यंत दूध विक्रीस देऊ नये. उरलेली औषधे ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नयेत. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी घातलेले डायक्लोफिनॅक आणि २०१९ मध्ये अन्नोत्पादक पशूंसाठी प्रतिबंधित केलेले कोलिस्टिन मुळीच वापरू नये. संवेदक प्रदूषण दाखवू शकेल. ते रोखण्याचे काम मात्र गोठ्यापासूनच सुरू व्हावयास हवे.