उष्णतेची रवानगी

‘कूलर’ हा शब्द कानी पडताच नागपूर-अकोल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे खिडकीत बसविलेली, ओल्या ताट्यांतून वारा ओढणारी ती परिचित पेटी उभी राहते. आणि पाण्याने गारवा येतो हा माठापासून या पेटीपर्यंतचा अनुभव गाठीशी असल्यामुळे, खेळांसाठी संगणक जुळविताना हवेचा कूलर घ्यावा की पाण्याचा असा प्रश्न निघाला, की निकाल विचाराआधीच पाण्याच्या बाजूने लागलेला असतो. परंतु माठातले पाणी गार होते ते बाष्पीभवनामुळे. संगणकातले पाणी बंद नळ्यांत कोंडलेले असल्याने, खोलीत ४२ अंशांचा उन्हाळा असेल तर तेही ४२ अंशांखाली कदापि उतरत नाही.

प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने परत करतो. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅटची असून, तापमान १०० अंशांवर गेले की तो जीव वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. या उष्णतेची वेळच्या वेळी रवानगी करणे एवढाच कूलरचा कारभार.

हवेच्या कूलरमध्ये हे काम तांब्याच्या नळ्या करतात. त्यांतील अल्पसे पाणी प्रोसेसरच्या तापाने वाफ होऊन वर जाते, पातळ पत्र्यांच्या थरांत उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून खाली झिरपते. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली सिद्ध केलेली ही युक्ती प्रथम अंतराळयानांसाठी होती. म्हणजे हवेच्या म्हणविणाऱ्या कूलरच्या पोटात पाणी आहे. आणि पाण्याच्या म्हणविणाऱ्या कूलरमध्ये पंपाने फिरविलेले पाणी रेडिएटरपर्यंत गेले, की तेथून पुढे उष्णता वाहून नेणारे पंखे व हवाच आहेत. दोघांचाही अखेरचा भरणा खोलीच्याच खात्यात!

मग भेद कोठे? समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेते, आणि ३६० मिलिमीटरचा ऐसपैस रेडिएटर कॅबिनेटच्या कडेला बसवून ती थेट बाहेर काढता येते. शिवाय ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-डी१५ सारखा १६५ मिलिमीटर उंचीचा मनोरा अरुंद कॅबिनेटमध्ये मावतच नाही. उलट पक्षी, हवेच्या कूलरचा पंखा बिघडला तर तो तेवढाच बदलता येतो. पाण्याच्या बंद कूलरचा पंप बंद पडला की बहुधा सारी जोडणीच मोडीत निघते, नळ्यांतील द्रव वर्षानुवर्षे सूक्ष्मपणे उडत राहतो, आणि क्वचित गळती झाली तर खाली महागडे ग्राफिक्स कार्ड असते.

खेळाच्या संगणकात उष्णतेचा मोठा धनी हे ग्राफिक्स कार्डच असते, ही बाब खरेदीच्या वेळी सहसा विसरली जाते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅटची असून त्याचे पंखे स्वतंत्र असतात. प्रोसेसरवर कितीही पाणी फिरविले तरी त्या कार्डाला थेट दिलासा नाही. खेळांसाठीच नावाजलेल्या एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरच्या उष्णतेचे कंपनीने दिलेले मान (टीडीपी) तर १२० वॅटचेच आहे, आणि मध्यम किमतीचा हवेचा कूलर तिचा बंदोबस्त आरामात करतो.

सबब, ज्याला चित्रफिती तयार करण्यासारख्या कामात प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने राबवायचा आहे, किंवा ज्याच्या कॅबिनेटमध्ये उंच कूलरला जागा नाही, त्याने पाण्याचा मार्ग खुशाल पत्करावा; केवळ खेळणाऱ्याने हवेचा कूलर घेऊन उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवावी, पुढील बाजूस जाळी असलेले कॅबिनेट निवडावे, आणि दरवर्षी उन्हाळा लागण्यापूर्वी त्या जाळीवरील धूळ न चुकता झाडावी.